आजीची नोंद

बीड जिल्ह्यात आजी गेली की चौकात श्रद्धांजलीचा फलक लागतो. त्यावर मुलांची, नातवांची नावं असतात. तिनं काय केलं ते नसतं. ऊसतोडीला कोयता, म्हणजे तोडणी करणारं जोडपं, निघाला की घर, जनावरं आणि शाळेतली नातवंडं मागे तीच सांभाळते. म्हणजे कारखान्याच्या साखरेत तिचेही कष्ट आहेत, पण मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही. म्हणून तिची आठवण हा जिव्हाळ्याइतकाच इतिहासाचाही विषय आहे. साध्या बाईच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय, असं विचारणाऱ्यांनी माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्या ऐकाव्यात. १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून अशा लाखावर ओव्या जमल्या. माजलगावच्या बायकांनी तर जात्यावर बाबासाहेब आंबेडकरांना गायलं. ओवी साऱ्यांची, एकीची नव्हे, हा आक्षेप खराच. पण कुणी कोणती ओवी जपली, कुठं आपली ओळ जोडली, यात ती बाई दिसतेच. जाती आता अंगणात पालथी पडलीत, हेही खरं. तरी नव्वदीतल्या आजीला १९७२चा दुष्काळ आठवतो आणि नातवाच्या खिशात मोबाइल आहे. तेराव्याच्या पंगतीआधी विचारून त्यावर नोंदवून घ्यावं: दुष्काळी कामात खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर होतीस, मजुरी किती मिळायची, सुकडी कोण वाटायचं?