दादीचा लोटा

चित्रकला स्पर्धेसाठी ‘पाणी वाचवा’ हा विषय आला की आमच्या शाळेत निम्मा वर्ग एकच चित्र काढतो: गळणारा नळ आणि खाली पृथ्वीचा गोल. मोबाईलवरून उतरवलेले. यंदा सातवीतल्या एका मुलीने मात्र वुजू करणारी दादी काढली. हातात लोटा, मागे बंद नळ, आणि ओघळलेले पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत. दादीचे फक्त हात दिसत होते. त्यांच्या घरी चेहरे काढत नाहीत.

आम्हीच म्हणालो, "परीक्षकांना हे कळायचे नाही, एक पृथ्वी टाक." तिने निमूटपणे टाकली. चित्र बिघडले.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात, म्हणजे लिटरभर किंवा त्याहूनही कमी पाण्यात, वुजू करीत, असे सहीह बुखारीत आहे. हे आम्ही मुलांना सांगत असतो, आणि तेच कागदावर आले तेव्हा ओळखले नाही!

मुदतीला एकच दिवस उरला होता. नवा ड्रॉइंग पेपर देऊन, चूक आमची होती, असे तिला सांगितले.

"सर, आता दादीला समोर बसवूनच काढते."

चित्र पाठवले आहे. निकाल यायचा आहे.