शपथ मोडली असेल त्यांच्यासाठी

दारू सुटावी म्हणून आपल्याकडे आधी देवासमोर उभं करून शपथ घालतात. कुणी माळ घालतो, कुणी पोराच्या डोक्यावर हात ठेवतो. काहींची शपथ जन्मभर टिकते. माळ घातल्यावर पुन्हा ग्लासाला न शिवलेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. हे लिहितोय ते ज्यांची शपथ मोडली त्यांच्यासाठी, ज्यांचा देवावर विश्वासच नाही त्यांच्यासाठी आणि या दोघांच्या घरच्यांसाठी.

शपथ मोडली की दारूच्या ओझ्यावर पापाचं ओझं चढतं. देवालाही फसवलं, आता आपलं काही खरं नाही, असं वाटतं आणि तेच विसरायला माणूस पुन्हा गुत्त्यावर जातो. म्हणून आधी मनाशी पक्कं करा की हा आजार आहे. मधुमेहाला आपण शपथ घालत नाही. त्याला औषध, पथ्य आणि नियमित तपासणी लागते. दारूच्या व्यसनालाही तेच लागतं.

सकाळी हात थरथरतात आणि पहिला घोट पोटात गेला की थांबतात, अशी अवस्था असेल तर घरच्या घरी एकदम दारू तोडू नका. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, कुणाला ओळखत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली, आणि देवऋषी शोधण्यात रात्र जाते. हा दारू अचानक तुटल्याचा झटका असतो, त्यात जीव जाऊ शकतो. अंगारा लावण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे झटका आवरणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे दिवस सुखरूप काढता येतात.

वहिनी, ताई, तुम्हालाही एक कळकळीची विनंती. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून त्याच्या भाजीत गुपचूप पूड कालवू नका. डायसल्फिराम नावाचं औषध घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. त्याला न सांगता ते देणं जिवावर बेतू शकतं. त्याच्या संमतीने मात्र डॉक्टर ते देतात. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. यकृत आणि मूत्रपिंड तपासून कोणतं चालेल ते डॉक्टर ठरवतात.

औषधाबरोबर बोलणंही लागतं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बोलायला डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती आणि भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा या गटातल्या ४२ टक्के पुरुषांनी मागच्या चौदा दिवसांत दारू घेतलेली नव्हती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं. त्या भेटींत कुणी नवस बोलायला लावला नाही.

अशा भेटींत शिकवतात ते घरीही सुरू करता येतं. तलफ कधी येते ते वहीत लिहा: पगाराच्या दिवशी, भांडणानंतर, की अमक्याने ‘बसायचं का?’ विचारलं की? त्या दिवशी खिशात मोजके पैसे ठेवा, घरी यायचा रस्ता बदला, नकाराचं वाक्य आधीच ठरवा. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा अर्धा तास जेवा, आंघोळ करा, कुणाला तरी फोन लावा.

एकट्याने हे जड जातं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांनी १९३५पासून असंख्यांना सावरलं आहे. पण तिथल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो आणि काहीजण तिथेच अडतात. अडलात तरी घाबरू नका. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरीच्या गटांत देवाचा आधार न घेता, तलफ आणि विचार हाताळण्याच्या युक्त्यांवर काम चालतं. त्यांच्या बैठका इंटरनेटवरही होतात.

आणि मधेच एखाद्या दिवशी घसरलात तर? वहीत तीही नोंद करा: कुठे, कुणाबरोबर, कशामुळे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तसंच सांगा. साखर वाढली म्हणून कुणी मधुमेहाचे उपचार सोडत नाही.

देशव्यापी सर्वेक्षणाचा २०१९चा अहवाल सांगतो की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांपैकी एखादा आपल्या घरात किंवा शेजारी असेल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, दोन्ही मोफत.

तो शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळी, त्याच्याजवळ बसा. मागचे हिशेब काढू नका, नवी शपथ मागू नका. एवढंच म्हणा: ‘चल, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर आहे.’