खोट्या बंदुकीची खरी शिस्त

मे 2019 मध्ये वसईत घडलेली घटना अनेकांनी हसण्यावारी नेली. एका हिंदी चित्रपटात दहशतवाद्यांची कामे करणारे दोन ज्युनियर आर्टिस्ट त्याच वेषात सेटबाहेर सिगारेट घ्यायला गेले. एका सुरक्षारक्षकाने त्यांना पाहिले आणि धसका घेतला. पोलिसांना खबर गेली, शोध सुरू झाला. शेवटी उलगडा झाला की हे तर नट! तरीही त्यांच्यावर कारवाई झालीच. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मधल्या वेळात कुणी घाबरून गोळी झाडली असती तर? अंगावरचा वेष खोटा असतो, पण पाहणाऱ्याची भीती खरी असते आणि तिला मिळणारे उत्तरही खरेच असते.

हा विषय आज अमरावती-अकोल्याच्या वाचकांसमोर मांडण्याला कारण आहे. सी.पी.-बेरार सर्किटचे वितरण केंद्र म्हणून अमरावतीचे नाव जुन्या सिनेमावाल्यांना ठाऊक आहे. तेव्हा आपण सिनेमा विकायचो आणि पाहायचो. आता मोबाइलने सिनेमा करणे हाताशी आणले. गल्लीगल्लीत शॉर्टफिल्म निघतात, रील तर रोज निघतात. त्यातल्या बऱ्याच कथांना पिस्तूल लागते. ते आणायचे कुठून, धरायचे कसे आणि नंतर ठेवायचे कुठे, हे या मुलांना कुणी शिकवलेले नसते.

मोठ्या सेटवर हे काम कसे चालते ते पाहू. पडद्यावर दिसणाऱ्या बहुतेक बंदुका रबराच्या असतात. खऱ्या हत्याराचा साचा घेऊन त्यात रबर किंवा फोम ओततात, आत लोखंडी सळी ठेवतात, वरून धातूसारखा रंग देतात. धावपळ, मारामारी, घोड्यावरून पडणे हे सगळे त्यांच्यावर भागते. कॅमेरा जवळ आला की नळी बंद केलेली धातूची प्रतिकृती हातात येते. प्रत्यक्ष बार उडताना दाखवायचा असेल तरच ‘ब्लँक’ काडतूस वापरतात. त्यात दारू असते, पुढची गोळी नसते. गोळी नाही म्हणजे धोका नाही, असा समज इथेच घात करतो. नळीतून आग, तापलेला वायू आणि काडतुसाचे तुकडे सुसाट बाहेर पडतात. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने थट्टेत असेच पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि जीव गमावला.

1993 मध्ये ‘द क्रो’च्या सेटवर ब्रँडन ली गेला. आधीच्या एका दृश्यात वापरलेल्या काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती. ती कुणी तपासली नाही. नंतर ब्लँकचा बार उडाला आणि त्याच्या जोराने ती गोळी बाहेर पडली. ऑक्टोबर 2021 मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. तिथे तर खऱ्या गोळ्याच सेटवर आल्या होत्या. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला 2024 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली. तिन्ही घटनांत हत्याराला खेळणे समजले गेले, नाहीतर तपासणीत कसूर झाली.

म्हणूनच जाणत्या सेटवर नियम साधे पण कडक असतात. शस्त्रांची जबाबदारी एकाच माणसाकडे. प्रत्येक वेळी हत्यार उघडून नटाला दाखवायचे, मगच हातात द्यायचे. खरी गोळी सेटच्या आसपासही नको. रिकामी समजूनही बंदूक कुणावर रोखायची नाही; नेम थोडा बाजूला धरायचा, बाकीचे काम कॅमेऱ्याचा कोन करतो. ‘कट’ म्हटले की हत्यार लगेच परत.

आपल्याला हे नवे वाटू नये. आपल्या भावाकडे थट्टेतसुद्धा शस्त्र रोखू नये, हातून ते कधी सुटेल सांगता येत नाही, अशा आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे. बाजारातून किंवा मशिदीतून बाण घेऊन जाताना त्याचे टोक हातात धरून ठेवावे, असेही सांगितले आहे. बाण असो की ब्लँक, तत्त्व एकच: इजा करण्याचा हेतू नव्हता एवढ्याने जबाबदारी संपत नाही.

काहीजण म्हणतील, प्लास्टिकच्या पिस्तुलाचा एवढा बाऊ कशाला? तर ऐका. अमरावतीने नोव्हेंबर 2021 मध्ये आणि अकोल्याने मे 2023 मध्ये दंगल आणि बंद पडलेले इंटरनेट पाहिले आहे. अशा शहरात कुणाच्या हाती बंदूक दिसल्याची अफवा किती वेगाने पळेल? आणि तो हात दाढीवाल्या, टोपीवाल्या मुलाचा असेल तर? हे बोलणे कडू आहे, पण आपल्या घरातला प्रत्येक बाप ते मनात बोलतो. मुलाने सिनेमा करू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट त्याने करावाच. आपल्या मोहल्ल्याची गोष्ट दुसऱ्याने सांगावी म्हणून किती दिवस थांबायचे?

मात्र काही पथ्ये पाळा. खरे हत्यार, कुणी परवानाधारक ओळखीचा देत असला तरी, नकोच. शस्त्र कायदा 1959 तुमची पटकथा वाचत बसणार नाही. रबराचे किंवा लाकडाचे वापरा. आग आणि आवाज एडिटिंगमध्ये टाका. रस्त्यावर शूटिंग असेल तर ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या, शेजाऱ्यांनाही सांगा. प्रतिकृती पिशवीत न्या आणि पिशवीतच परत आणा.

जबाबदारी फक्त मुलांवर टाकूनही चालणार नाही. असा अर्ज घेऊन आलेल्या पोराला ठाण्यात संशयिताची वागणूक मिळाली, तर पुढच्या वेळी तो न सांगताच शूटिंग करील आणि धोका वाढेल. एक साधा अर्ज, एक ठरलेला अधिकारी आणि नाव वाचून न बदलणारी वागणूक, एवढी सोय पोलिसांना अवघड नाही. महाविद्यालयांच्या नाट्य मंडळांनीही तालमीच्या पहिल्याच दिवशी हे नियम शिकवावेत.