ज्या ताटाचा हिशेब होत नाही

डिसेंबर उजाडला की गोव्यातील ख्रिस्ती घरांत कामाची लगबग सुरू होते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त भरते, ८ तारखेला पणजीच्या चर्चचे फेस्त होते आणि या दोन दिवसांच्या आसपास घराघरांत नाताळचा विषय निघतो. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि मराठीत व कोकणीत इतका रुजला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांतही तोच शब्द आहे. पोर्तुगीज सत्ता तेथून १७३९ साली गेली. शब्द मात्र राहिला.

चर्चच्या पंचांगात नाताळपूर्वीचे चार रविवार प्रतीक्षेचे मानले जातात. घरात ही प्रतीक्षा हातांनी केली जाते. मुले बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद घेऊन नक्षत्र, म्हणजे चांदणीच्या आकाराचा कंदील, तयार करण्यास बसतात. येशूजन्माच्या देखाव्यासाठी गवत, माती आणि दगड गोळा होतात. या देखाव्याची परंपरा इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी १२२३ साली उभ्या केलेल्या गोठ्यापर्यंत मागे जाते. गोव्यातील अनेक घरांत त्यासाठी नाचणी पेरून हिरवे कोंब उगवले जातात. नाचणी वेळेवर पेरली नाही तर गोठा उजाड राहतो. म्हणून सणाची पहिली तारीख मुलांना त्या पेरणीतूनच कळते.

खरी कसोटी स्वयंपाकघरात लागते. नाताळच्या सर्व गोडधोडाला मिळून ‘कुस्वार’ म्हणतात. त्यातील नेवऱ्या म्हणजे करंजीची सख्खी बहीण. चण्याची डाळ, खोबरे आणि साखर आटवून ‘दोस’ होतो, पेरूच्या गरापासून ‘पेराद’ होते. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ यांचा ‘दोदोल’ तासन्‌तास ढवळावा लागतो. हात थांबला की तळाला लागलाच. बेबिंकाचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. त्यात अंड्याचा बलक असतो, त्यामुळे शाकाहारी घरांना तो वर्ज्य. परंतु दोस, दोदोल आणि पेराद यांच्या पारंपरिक कृतीत अंडे नाही.

ही सर्व कामे एकट्याने होण्यासारखी नसतात. कुलकुल वळायला काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळावी लागते. शेकडो नगांचे हे काम आजी, सुना, शेजारणी आणि शाळकरी मुले एका चटईवर बसून उरकतात. वर्षभर मनात राहिलेल्या कुरबुरी तेथे निघतात आणि बहुतेक तेथेच मिटतात. सणाचा आनंद घरात शिरतो तो या चटईवरून. २५ तारखेला त्याचे केवळ दर्शन होते.

मात्र या परंपरेचे मर्म कुस्वार बनविण्यापेक्षा वाटण्यात अधिक आहे. पोर्तुगीज भाषेत ‘कोंसुआद’ हे नाताळच्या आदल्या रात्रीच्या भोजनाचे नाव. गोव्यात त्या शब्दाचा अर्थ पालटला आणि शेजारी धाडल्या जाणाऱ्या गोडधोडाच्या ताटाला तो लागू झाला. वर विणलेला रुमाल झाकून ही ताटे मुलांच्या हाती दिली जातात. ती ख्रिस्ती घरांत जातात तशी हिंदू घरांतही जातात. चवथीला आणि दिवाळीला त्या घरांतून करंज्या, लाडू आणि चिवडा आलेला असतो. त्या ताटाची ही परतफेड म्हणावी, तर पुढच्या चवथीला पुन्हा ताट येणारच असते. व्यापाराच्या वहीत येणे-देणे जुळले की खाते बंद करता येते. या खात्याची शोभा ते कधीच न जुळण्यात आहे.

या ताटाला आणखी एक जबाबदारी असते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, त्या घरी त्या वर्षी कुस्वार होत नाही. तेव्हा शेजाऱ्यांकडून ताट आवर्जून जाते. महाराष्ट्रातही शोक असलेल्या घरी दिवाळीत कढई चढत नाही आणि आप्त फराळ पोहोचवितात. दोन्हीकडचा भाव एकच: घरात दुःख असले तरी सणाच्या दिवशी ते घर गावातून वगळले जाऊ नये. ताट घेऊन गेलेल्या मुलाला कोणी उपदेश करीत नाही. पण कोणत्या घरात कोणाची खुर्ची रिकामी आहे आणि कोणत्या आजोबांना दोदोलच तेवढा चावतो, हे त्याला त्या एका फेरीत समजते.

आज पणजी, मडगाव, म्हापसा येथील बेकऱ्यांत कुस्वार तयार मिळतो. महिला स्वयंसहाय्य गटही तो करून विकतात आणि त्यातून अनेक घरांना हातभार लागतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या घरातील मुले मुंबईत, आखातात किंवा युरोपात स्थायिक झाली, तेथे दोन वृद्धांनी दोदोल ढवळावा अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे होईल. विकत घेतलेला दोस ताटात घालता येतो. प्रश्न ताट घेऊन जाण्याचा आहे. खोका घरपोच पाठविण्याची सोय झाली की उंबरठ्यावर थांबणे संपते, आणि त्याबरोबर दोन शब्द विचारणेही. बंद घरांची संख्या वाढली की ताटांची संख्या घटते; गोव्याच्या जुन्या वाड्यांतील वडीलधाऱ्यांना हीच खंत अधिक बोचते.

व्यापारी कुटुंबांत दिवाळीला सुक्या मेव्याचे खोके शेकड्यांनी जातात. त्यांची यादी दुकानात तयार होते आणि व्यवसायाच्या संबंधांनुसार ती योग्यही असते. त्या यादीत ज्यांचे नाव कधी येत नाही, अशी दोन-चार घरे प्रत्येक गल्लीत असतात. तेथे घरातील लहान मुलाच्या हाती एक झाकलेले ताट गेले, तर त्याचा खर्च फारसा होणार नाही.

नाताळचा गोठा आणि नक्षत्र ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणापर्यंत, घरात राहतात. त्यानंतर नाचणीचे कोंब सुकतात आणि कंदील उतरतो. शेजाऱ्याचे ताट तेवढे फडताळात थांबलेले असते. ते रिकामे परत करायचे नसते.