मुक्त म्हणजे फुकट नव्हे

सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांचे, हे तत्त्व मान्य करताना कोणाचीच जीभ अडखळत नाही. प्रश्न उभा राहतो तो गाळ उपसण्याची वेळ आली म्हणजे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आज नेमके हेच चालले आहे.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा प्रश्न स्वस्ताईचा नव्हता, हक्काचा होता. सॉफ्टवेअर हवे तसे वापरावे, अभ्यासून बदलावे, त्याच्या प्रती वाटाव्यात आणि सुधारलेली प्रतही वाटावी, ही स्वातंत्र्ये प्रत्येकाला असावीत, ही ती मागणी. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा खुला केला. आज अँड्रॉइडचा प्रत्येक फोन त्याच गाभ्यावर चालतो. बड्या कंपन्यांचे इमले या सामाईक जमिनीवर उभे आहेत. जमीन मात्र राखतो कोण?

२०१४ साली ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुपिते राखणाऱ्या या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर एवढ्याच देणग्या मिळत होत्या! २०२४ सालचे ‘एक्सझेड’ प्रकरण तर याहून बोलके आहे. एकच माणूस विनावेतन हा प्रकल्प सांभाळत होता. तो थकला होता आणि त्याच्यावर तगाद्यांचा मारा होत होता. अशा वेळी ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन-अडीच वर्षे चिकाटीने किरकोळ कामे केली, विश्वास संपादन केला, सहव्यवस्थापकपद मिळवले आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला म्हणून अनर्थ टळला. यातील बोध कटू आहे: जे कष्ट प्रामाणिक माणसांनी टाळले, ते कपटी माणसाने केले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, विनामूल्य श्रम शेवटी भांडवलदारांच्याच पदरात पडतात. त्यात तथ्य आहे. म्हणूनच नफा कमावणाऱ्यांनी देखभालीचा खर्च उचललाच पाहिजे. ‘जीपीएल’ परवाना सुधारित प्रत वाटणाऱ्याला तिची मूळ संहिताही खुली करण्यास भाग पाडतो. पण परवाना कुंपण घालतो, मशागत करीत नाही. कंपन्या लुटतात म्हणून शेतच ओसाड टाकणे हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप निव्वळ पळवाट आहे: ‘हे इंजिनियरांचे काम.’ ज्याला संहितेची एक ओळ लिहिता येत नाही, त्यालाही दोष कळवता येतो. मात्र ‘चालत नाही’ एवढे म्हणणे म्हणजे कळवणे नव्हे. आवृत्ती कोणती, कोणत्या क्रमाने काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे सांगावे लागते आणि तोच दोष आधी कोणी नोंदवला आहे का, हे पाहावे लागते. मार्गदर्शिकेतील चूक दुरुस्त करता येते. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत वापरता येतात, ते कोणीतरी एकेक शब्द बसवला म्हणूनच. ते काम कधीच संपत नाही. ज्याला संहिता येते त्याने आधी प्रकल्पाचे नियम वाचावेत, एका वेळी एकच छोटा बदल करावा, तो तपासून पाठवावा, टीका आली तर रुसू नये, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशीही यावे.

कार्यकर्त्यांना हे निराळे सांगायला नको. सभा वक्त्याच्या नावाने गाजते. ती उभी राहते सतरंज्या घालणाऱ्यांच्या आणि मागे थांबून त्या उचलणाऱ्यांच्या बळावर. सामुदायिक मालकीचा जयघोष करायचा आणि सामुदायिक श्रमाच्या वेळी पाठ फिरवायची, हा समाजवाद नव्हे, ही फुकटेगिरी आहे. मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने महिन्याकाठी निदान एक दोष नीट नोंदवावा, एक पान मराठीत आणावे. गाळ उपसणारे हात वाढले, तरच विहीर सर्वांची राहील.