त्यांची बदली झालीय असं समजा

भिंगारमधून दरवर्षी दोन प्रकारची बिऱ्हाडं हलतात.

एक फौजी बिऱ्हाड. इथे कॅन्टोन्मेंट आहे, नगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे कुणाची ना कुणाची पोस्टिंग आलेलीच असते. काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, कूलर, गोणपाटात शिवलेली सायकल. सामान ट्रकने जातं, माणसं रेल्वेने नाहीतर स्वतःच्या गाडीने. माझे दाजी फौजेत आहेत. ताईने दोन लहान पोरांना घेऊन असे तीन मुक्काम हलवलेत. दर वेळी वैतागते, पण गाडीत पोरांच्या उलटीसाठी पिशव्या कुठे ठेवायच्या इथपासून तिचं सगळं पाठ आहे.

दुसरं बिऱ्हाड दसरा-दिवाळीच्या आगेमागे पाथर्डीकडून करंजी घाट ओलांडून येतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. त्यात पत्रे, बांबू, पाण्याचे बॅरल, बाजरीची पोती, गोधड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बाया, म्हाताऱ्या आणि पोरं. ऊसतोडीला निघालेली माणसं. कुणी राहुरी-संगमनेरकडे वळतं, कुणी पार सांगली-कोल्हापूरला. परत येणार ते उन्हाळ्यात.

पहिल्याला आपण 'बदली' म्हणतो, दुसऱ्याला 'स्थलांतर'. माझं भांडण याच दोन शब्दांशी आहे.

(मुक्काम हलवणं भिंगारला नवं नाही. पंचवीसेक वर्षं दख्खनमध्ये छावणी फिरवत राहिलेला औरंगजेब १७०७ साली मेला तो इथल्याच मुक्कामात. पण तो विषय काढला की बाकी सगळं बाजूला राहतं, म्हणून इथेच सोडतो.)

बदली म्हणजे काय ते बघा. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय कर्मचाऱ्याची दूर बदली झाली की त्याला मूळ पगाराच्या ८० टक्के रक्कम बदली अनुदान म्हणून मिळते. प्रवासभाडं वेगळं, सामान हलवायचा खर्च वेगळा. फौजेतही तशीच व्यवस्था आहे. पोरांच्या शाळेचं काय, हा प्रश्न तर सरकारने १९६३ सालीच सोडवला. वरचेवर बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणून सेंट्रल स्कूल, म्हणजे आजची केंद्रीय विद्यालयं सुरू झाली, ती वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. देशभर एकच अभ्यासक्रम. बापाची बदली झाली की वर्षाच्या मध्येही प्रवेश. माझ्या भाचीला नव्या गावी पोचल्यावर चौथ्या दिवशी वर्गात बसवलं होतं. फिल्ड पोस्टिंग आली आणि कुटुंबाला नेता येत नसेल, तर मागे राहायला क्वार्टर मिळतं. जायचं असेल तर जायची सोय, राहायचं असेल तर राहायची. हे उपकार नाहीत. काम करून घ्यायचं तर माणसाबरोबर त्याचा संसारही हलतो, एवढी साधी गोष्ट सरकारने मान्य केलेली आहे.

आता दुसरा रस्ता. पाथर्डी ते कोल्हापूर, नगर-पुणे मार्गे, चारशे किलोमीटरच्या आसपास. भरल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी वीस धरा. म्हणजे न थांबता वीस तास. आणि लहान पोरं असलेला कुठलाही प्रवास न थांबता होत नाही, हे ज्याने पोराला घेऊन नगर ते पुणे केलंय त्याला सांगायला नको. रात्री थंडी, दिवसा धूळ, बायांना आडोसा शोधायचा तो पेट्रोल पंपामागे नाहीतर शेतात.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीपासून गाडीत चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. बाइकवर मागे बसलेल्या चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि हार्नेस लागतो. चांगले नियम आहेत. पण तेवढंच मूल उसाच्या ट्रॉलीत पत्र्यांच्या ढिगावर झोपलेलं असतं तेव्हा ते कायद्याच्या लेखी जवळजवळ सामानच असतं. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची नुकसानभरपाई विमा कंपनीवर बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. म्हणजे ट्रॉली उलटली, तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांचाच दावा सगळ्यात लटपटता.

प्रवासभत्त्याचंही तेच. १९७९ चा एक कायदा होता, स्थलांतरित कामगाराला प्रवासभत्ता आणि विस्थापन भत्ता द्या म्हणणारा. पण तो आंतरराज्य स्थलांतरासाठी. पाथर्डीचा माणूस निपाणीला गेला तर कायद्यात बसणार, आणि तिथून हाकेच्या अंतरावर कागलला थांबला तर नाही. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत गेलाय. तिथेही शब्द आंतरराज्यच.

यावर पहिलं उत्तर येतं, 'त्यांना सवय असते'. हे वाक्य मी भिंगारच्या चहाच्या टपरीपासून पुण्यातल्या ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत ऐकलंय. तीन वर्षांच्या पोराला कसली सवय? त्याचा हा तिसराच हंगाम आहे.

दुसरं उत्तर, 'उचल घेतलीय ना त्यांनी'. घेतलीय. उचल म्हणजे मजुरीचीच आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली, टनामागे कापून फिटणारी. दाजींनाही पगार मिळतो. म्हणून त्यांना ट्रकच्या टपावर बसवून पाठवत नाहीत.

सगळ्यात सभ्य उत्तर वसतिगृहांचं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. त्याआधीपासून हंगामी वसतिगृहं आहेत, पोरांनी आजी-आजोबांकडे राहायचं आणि जेवण-अभ्यासाची सोय गावातच. या योजना नीट चालाव्यात, माझा विरोध नाही. पण सगळं धोरण एका गृहीतकावर उभं आहे, की पोरांनी मागे राहावं. अंगावर पिणारं पोर मागे कसं राहील? नऊ वर्षांची मुलगी सोबत नेतात तीच मुळी त्या पोराला सांभाळायला, कारण पहाटे आई फडात असते. आणि वयात आलेल्या मुलीला सहा महिने मागे ठेवायची आईला भीती वाटते, म्हणून पुष्कळदा तिचं लग्नच उरकून टाकतात. ही माणसं पोरांना नेतात ती बेफिकिरीने नाही, दुसरा सुरक्षित पर्याय नसतो म्हणून. ताईला आजवर कुणी म्हणालं नाही, की मुलांवर प्रेम असेल तर त्यांना भिंगारलाच ठेव.

शिक्षणहक्क कायद्यात शाळा बदलण्याचा हक्क आहे. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या तळावर साखरशाळा सुरू झाल्या होत्या, जनार्थसारख्या संस्थांनी त्यासाठी खूप खपून काम केलं. पुढे जवळच्या झेडपी शाळेत दाखल करा असं धोरण आलं आणि त्या मागे पडल्या. धोरण कागदावर बरोबर आहे. फक्त शाळा असते गावात आणि कोपी असते फडाजवळ. मधल्या तीन किलोमीटरचं काय, हे कुणी लिहिलेलं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे 'माहितीच नाही हो, कुठे कुठे विखुरलेले असतात' हे कारण मला सगळ्यात जास्त खटकतं. कारखान्याकडे प्रत्येक प्लॉटची नोंद असते. कुठल्या टोळीने कुठला फड तोडला, खेपेचं वजन किती, काटा किती वाजता झाला, सगळं असतं, कारण त्यावर पैसे द्यायचे असतात. टोळी आज कुठे आहे आणि परवा कुठे असेल हे शेतकी विभागाला माहीत असतं. त्या नोंदीत कोयता आहे, पोर नाही. एक रकाना वाढवायचा प्रश्न आहे. हे काम किती तासांचं ते मी सांगू शकतो, पण उगाच कुणाची चेष्टा केल्यासारखं होईल.

आणि हा काही अचानक आलेला पूर नव्हे. गाळप कधी सुरू करायचं ते मंत्री समिती ठरवते: २०२४ ला १५ नोव्हेंबर, २०२५ ला १ नोव्हेंबर. तारीख ठरलेली, गावं ठरलेली, कारखाने ठरलेले. आषाढीला एसटी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या पंढरपूरला सोडते आणि झकास सोडते. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे कारखान्यांवर अडकलेल्या सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगारांना याच सरकारने आरोग्य तपासणी करून गावी जायची परवानगी दिली. त्यांच्यापासून आजार पसरायची भीती होती, तेव्हा ते मोजता आले.

आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, १९५० मध्ये चालू झाला. त्या साखरेने दवाखाने, बँका, कॉलेजं उभी केली. मी ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं तेही साखरेच्याच पैशाचं. कॉलेजला बस होती. वीस किलोमीटरवरून पोरांना आणायची आणि सोडायची.

खर्चाची अडचण खरी आहे, ती झटकून टाकता येणार नाही. आपल्याकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापतात. म्हणजे बसचं भाडं कारखान्यावर टाकलं की ते फिरून दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या माथी बसणार. म्हणून ते तिथून नकोच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्याने टनामागे दहा रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे हे दोन कोटी होतात. त्यातला पहिला खर्च बसचा असावा: जाताना आणि येताना. ट्रॉलीत सामान, बसमध्ये माणसं.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. वाढ ३४ टक्के, करार तीन वर्षांचा. पुढच्या बैठकीत पुन्हा टक्केवारीवर घासाघीस होईल, ती व्हायलाच हवी. फक्त या वेळी दराच्या खाली आणखी दोन कलमं लिहून घ्या. बारा वर्षांचं पोर असो की बारा दिवसांचं, ते सीटवर बसून कारखान्यावर पोचेल. आणि ते उतरण्याआधी त्याचं नाव तिथल्या शाळेच्या नाहीतर अंगणवाडीच्या हजेरीत पोचलेलं असेल.