मधला डबा

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाबद्दल संपादकांनी मोठ्या मनाने माफ करावं. पण विषयच असा आहे की मराठीत लिहिणं भाग आहे.

मागच्या महिन्यात कॉमन रूममध्ये संदीप सावंतांचा 'श्वास' (२००४) लावला होता. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो आणि डाव्या भिंतीला टेकून बसलो. आजोबा काय बोलतायत ते मला अर्धंच कळत होतं. शेजारी बसलेला माझा सांगलीचा रूममेट मात्र डोळे पुसत होता. त्याला अर्धा शब्द ऐकू आला तरी उरलेला तो मनातल्या मनात पुरा करतो. मला मराठीत ते जमत नाही. इंग्लिश पिक्चरला नेमकं उलटं. तेव्हा तो दर दोन मिनिटांनी विचारतो, "काय म्हणाला रे?"

आता हॉस्टेलच्या फंडातून सेंटर स्पीकर घ्यायचं चाललंय. एक पार्टी म्हणते, सेंटर कशाला, मोठा सबवूफर घ्या, भिंती हलल्या पाहिजेत. भिंती हलतील. पण सबवूफरचं काम साधारण १०० हर्ट्झच्या खाली, आणि 'क' आणि 'त' मधला फरक राहतो त्याच्या खूप वर. म्हणजे स्फोट उत्तम, संवाद तिथेच.

५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात. आपल्याकडे दोनच स्पीकर, म्हणून रिसीव्हर ते डाव्या-उजव्यात सारखे वाटतो. बरोबर मध्ये बसलेल्याला आवाज पडद्यातून आल्यासारखा वाटतो. (तिथे कायम सीनियर्स असतात, हा वेगळा लेख होईल.) बाजूला बसलेल्याच्या कानाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि कान तिथेच चिकटतो. हेल्मुट हासने १९४९ मध्ये हेच अभ्यासलं होतं. बोलणं, पाऊस, व्हायोलिन, सगळं एकाच डब्यातून! एकट्याच्या खोलीत सेंटर नसला तरी चालतं. साठ जणांच्या सतरंजीवर नाही.

दुसऱ्या पार्टीला दुकानातला तो लांबट, आडवा सेंटर आवडलाय. मध्ये ट्वीटर, दोन्ही बाजूंना वूफर, दिसायला एकदम भारी. मी पट्टी लावून मोजलं (दुकानदार बघतच राहिला): दोन वूफरमध्ये केंद्रापासून केंद्रापर्यंत ३० सेंमी. आता ३० अंश बाजूला बसा. दोघांच्या अंतरात १५ सेंमीचा फरक पडतो. १५ सेंमी म्हणजे अर्धी तरंगलांबी धरली, तर ध्वनीच्या ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने वारंवारता येते सुमारे ११४० हर्ट्झ. तिथे एक वूफर दुसऱ्याला खातो. ऐन बोलण्याच्या पट्ट्यात, आणि ऐन भिंतीकडे बसलेल्यांसाठी! तो आडवा असतो तो टीव्हीखाली मावावा म्हणून. आपल्या पडद्याखाली तर हातभर जागा रिकामी आहे.

माझं म्हणणं, आपल्याकडे जे दोन आहेत त्याच मॉडेलचा तिसरा घ्या आणि पडद्याखाली उभा ठेवा, तोंड थोडं वर करून. तिन्ही सारखे असले की माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला तरी त्याचा गळा बदलत नाही. दुकानदार म्हणतो, जोडीच घ्यावी लागेल. घेऊ की. उरलेला कपाटात राहील; गॅदरिंगला एक तरी स्पीकर उडतोच.

राहिलं गाण्याचं. रविवारी सकाळी भीमसेन जोशी ऐकणारे घाबरलेत की सेंटर आला की गाणं बिघडणार. स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये चॅनल दोनच असतात. रिसीव्हर 'स्टीरिओ'वर ठेवला की सेंटर गप्प बसतो. फक्त कुणी सगळे स्पीकर चालू करणारं बटण दाबू नका, नाहीतर गवई भिंतीएवढा रुंद होतो.

गॅदरिंगनंतर कमिटी बसणार आहे. मी पट्टी घेऊन येतोय.